काट्यावरचा थिंकपॅड टी४२०

सावद्यात केळीच्या काट्यावर मी हिशोब लिहितो. गाडी लागली की वजन, भाव, हमाली जागेवरच टाकावं लागतं. तीन वर्षांपूर्वी जळगावात एका दुकानातून ९,५०० रुपयांना जुना थिंकपॅड टी४२० लॅपटॉप घेतला. तेव्हापासून दोन कांदेबाग आणि तीन मृगबाग, म्हणजे केळीच्या पाच हंगामांचा हिशोब त्याच्यावरच झाला.

मॉडेल मुद्दाम २०११ चंच शोधलं, ते कीबोर्डसाठी. जुन्या घडणीचा सात ओळींचा कीबोर्ड नेहमीच्या मॉडेलांत टी४२० आणि त्याच वर्षीच्या एक्स२२० पर्यंतच मिळाला. २०१२ च्या टी४३० पासून सहा ओळी आणि सुटी, चपटी बटणं आली. माझ्या टी४२० वर होम, एंड, पेजअप उजव्या वरच्या कोपऱ्यात एकत्र आहेत, बोट न बघता तिथं जातं. बटण पार खाली जातं आणि दाबलं गेल्याचं कळतं. दिवसाला दोनशे आकडे टाकणाऱ्याला त्याची किंमत कळते. वेगळा नंबरपॅड मात्र नाही.

थिंकपॅड आयबीएमचा, १९९२ चा. डिझायनर रिचर्ड सॅपर यांनी जपानी जेवणाच्या काळ्या डब्यावरून त्याला रूप दिलं. बटणांमधला लाल ठिपका टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आला. तो बोटानं ढकलला की स्क्रीनवरचा बाण हलतो, हात बटणांवरून उचलावाच लागत नाही. घरी पहिल्यांदा उघडला तेव्हा आजी म्हणाली, "याले कुंकू कोनं लावलं रे?" २००५ साली हा धंदा लेनोवो या चिनी कंपनीकडे गेला, तेव्हा आता दर्जा घसरणार असं बरेच जण म्हणत होते. माझा त्यानंतर सहा वर्षांनी बनलेला. मला तरी घसरण दिसली नाही.

सगळ्यात जीव जडलाय तो वरच्या दिव्यावर. स्क्रीनच्या डोक्यावर एक बारीक दिवा आहे. एफएन आणि पेजअप एकत्र दाबलं की उजेड थेट बटणांवर पडतो. मागच्या मे महिन्यात रात्री दहाला लाइट गेली, दोन गाड्या भरून उभ्या, ड्रायव्हर घाईत. त्या उजेडात काटापावत्या बटणांवरच धरून वाचल्या आणि दोन्ही गाड्या अकराच्या आत सोडल्या.

आता खटकलेलं. बॅटरी चार तास चालेल असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, चालली चाळीस मिनिटं. दुसरी घालावी लागली. स्क्रीन तिरकी बघितली की रंग उडतात. विंडोज ११ याच्यावर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून मी विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली. हिशोबाला आणि मराठी टायपिंगला काही अडत नाही. उन्हाळ्यात पंखा धुळीनं भरतो. कीबोर्ड आणि भोवतीची चौकट काढली की तो हाताशी येतो, वर्षातून एकदा मीच साफ करतो.

घेणार असाल तर दुकानातच प्रत्येक बटण दाबून बघा, दिवा लावून बघा, बॅटरीवर अर्धा तास चालवून बघा. लाल ठिपक्याची रबरी टोपी झिजलेली असली तर नवी मागून घ्या.