एफसीईयूएक्स: गेमची स्मृती उलगडणारे उत्तम, पण नवख्याची फारशी दखल न घेणारे साधन

निन्टेन्डोच्या एनईएस या ८-बिट यंत्राचे गेम संगणकावर चालवणारे एफसीईयूएक्स हे मोफत, मुक्तस्रोत इम्युलेटर बहुतेक जण केवळ जुने गेम खेळण्यासाठी उतरवून घेतात, आणि तेवढ्याच कामासाठी पाहिले तर त्याहून देखणी व सोपी साधने मिळतात. त्याचे खरे मोल आहे ते गेम चालू असताना यंत्राच्या स्मृतीत काय घडते हे दाखवणाऱ्या आणि तेथे हस्तक्षेप करू देणाऱ्या खिडक्यांमध्ये. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना कॉन्ट्रामध्ये ३० जीव मिळवून देणारा बटणांचा क्रम आजही तोंडपाठ असतो; परंतु तो क्रम गेम बनवणाऱ्यांनीच आत ठेवलेला होता. स्वतःचा चीट कोड स्वतः शोधून काढायचा असेल, तर हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. मी विंडोजवरील आवृत्ती वापरली आणि उदाहरणासाठी सर्वांच्या परिचयाचा सुपर मारिओ ब्रदर्स निवडला.

या शिक्षणाला एनईएससारखे दुसरे यंत्र नाही, कारण त्याची स्वतःची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट इतकीच आहे. मारिओचे जीव, नाणी, घड्याळ, शत्रूंच्या जागा हे सारे त्या २०४८ खणांतच कोठेतरी असते. एफसीईयूएक्सची 'रॅम सर्च' ही खिडकी आधी सर्व खण समोर मांडते आणि मग आपण घालू त्या अटीने यादी गाळत जाते. अमुक इतकी किंमत असलेले खण, मागच्या वेळेपेक्षा कमी झालेले, तितकेच राहिलेले, नेमका १ चा फरक पडलेले, किंवा आतापर्यंत अमुक वेळाच बदललेले, अशा अटी तेथे घालता येतात. यातील शेवटची अट मला सर्वांत हुशारीची वाटली. दर चित्रचौकटीला बदलणारे मोजणीचे खण आणि क्वचितच बदलणारा जीवांचा खण यांना ती एका फटक्यात वेगळे करते.

खानापूरच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने हे साधन हाताळले, तेव्हा पडद्यावर तीन जीव दिसत असल्याने त्याने साहजिकच ३ ही किंमत शोधली. जीव गमावून २ शोधल्यावर उरलेल्या यादीतील कोणताही खण बदलून पाहिला, तरी जीव काही वाढेनात. "मामा, तीन दिसायलंय की, मग घावंना कसं?" हा त्याचा प्रश्न या संपूर्ण विषयाचे मर्म आहे. सुपर मारिओ ब्रदर्स जीवांची संख्या ०७५ए या पत्त्यावर ठेवतो (पत्ता म्हणजे खणाचा क्रमांक, तो षोडशमान पद्धतीत, ० ते ९ आणि ए ते एफ या अंकांत, लिहितात), पण तेथे दिसणाऱ्या संख्येपेक्षा एक कमी आकडा असतो. पडद्यावर ३ असताना आत २ असतात आणि दाखवण्यापूर्वी गेम त्यात १ मिळवतो. म्हणून दिसणारी संख्या शोधण्याऐवजी 'आधीपेक्षा १ ने कमी झाले' ही अट लावावी, काही वेळ जीव न गमावता खेळून 'बदल नाही' ही अट लावावी, आणि पुन्हा एक जीव घालवावा. अशा दोन-तीन फेऱ्यांत यादी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरते. घड्याळाच्या बाबतीत तर ४०० ही संख्या एका बाइटमध्ये मावतच नाही, कारण बाइटची मर्यादा २५५ आहे. गेमने शतक, दशक आणि एकक हे तीन अंक ०७एफ८ पासूनच्या तीन वेगवेगळ्या खणांत ठेवले आहेत. रॅम सर्चमध्ये एक, दोन किंवा चार बाइटांचा आकार निवडता येतो. परंतु अशा सुट्या अंकांपुढे त्या सोयीचा काही उपयोग होत नाही, तेथे एकेका अंकाचाच माग काढावा लागतो.

पत्ता सापडला की त्याच खिडकीतून तो चीटच्या यादीत घालता येतो, आणि तेथे दिलेली किंमत इम्युलेटर धरून ठेवतो. येथे मोह आवरलेला बरा. जीवांच्या खणात सर्वांत मोठी किंमत म्हणून एफएफ, म्हणजे २५५, धरून ठेवली, तर मारिओ पहिल्यांदा मरताच खेळ संपतो. जीव एकने कमी केल्यावर गेम निकाल ऋण आहे का, एवढेच तपासतो, आणि बाइटमधील आठ बिटांपैकी (० किंवा १ या अंकांपैकी) सर्वांत वरचा १ असला की प्रोसेसरच्या लेखी ती संख्या ऋण ठरते. ०८ ठेवले की पडद्यावर ९ जीव दिसतात आणि ते कधीच संपत नाहीत. ०७५६ या पत्त्यावर ०२ धरून ठेवण्याचा प्रयोगही करून पाहावा: शत्रू अंगावर आदळल्यावर मारिओ लहान होतो, तरीही आगीचे गोळे टाकत राहतो. त्याची शक्ती एका खणात आणि आकार दुसऱ्या खणात आहे हे त्यातून लगेच उमगते. अशी उकल कोणत्याही तयार कोडांच्या यादीतून होत नाही, आणि माझ्या मते हे साधन वापरण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे.

डीबगर ही खिडकी त्याच्याही पुढे नेते. ०७५ए या पत्त्यावर काही लिहिले जाताच गेम थांबवावा, अशी खूण तेथे करता येते. मारिओ मेला की गेम ९१डी९ या पत्त्यापाशी थांबतो, जेथे सीई-५ए-०७ हे तीन बाइट, म्हणजेच 'हा आकडा एकने कमी कर' ही आज्ञा, आढळते. त्यातील सीईच्या जागी एडी घातले की 'कमी कर' ऐवजी 'वाचून घे' अशी आज्ञा तयार होते आणि जीव घटणे मुळातच बंद होते. गेम जिनी हे यंत्र आणि कॅसेट यांच्या मध्ये बसणारे चीटचे उपकरण होते; हाच पत्ता आणि हीच किंमत एफसीईयूएक्समधील, त्या उपकरणाचे कोड बनवणाऱ्या गेम जिनी एन्कोडरमध्ये भरली, तर एस-एक्स-आय-ओ-पी-ओ हा सहा अक्षरी कोड मिळतो, जो गेम जिनीच्या वापरकर्त्यांमध्ये अमर्याद जीवांचा कोड म्हणून प्रसिद्ध आहे. कोडमास्टर्सने घडवलेले आणि अमेरिकेत गॅलूबने विकलेले गेम जिनी कार्यस्मृतीला हात लावत नसे; कॅसेटमधून वाचला जाणारा बाइट ते मधल्यामध्ये बदलत असे. स्मृतीतील खण धरून ठेवणारा कोड आणि मूळ आज्ञाच बदलणारा कोड यांतील हा भेद एफसीईयूएक्सइतका स्पष्टपणे दाखवणारे साधन माझ्या पाहण्यात नाही.

उणिवा मात्र लहान नाहीत. रॅम सर्च, निवडलेल्या पत्त्यांवर नजर ठेवणारी रॅम वॉच, स्मृतीतील आकडे थेट बदलू देणारी हेक्स एडिटर, चीट आणि डीबगर या सर्व स्वतंत्र खिडक्या असल्याने लहान पडद्याच्या लॅपटॉपवर त्या एकमेकींना झाकतात आणि गेम स्वतःच कोठेतरी मागे दडतो. सोबतची मदत-पुस्तिका तपशीलवार असली, तरी ती वाचणाऱ्याला षोडशमान संख्या आणि ६५०२ प्रोसेसरच्या आज्ञा ठाऊक आहेत असे धरून चालते. सगळा मजकूर इंग्रजीत आहे. मराठी किंवा कन्नड माध्यमातील मुलाला पहिल्या बैठकीत शेजारी बसून सांगणारे कोणी नसेल, तर तो दुसऱ्या बैठकीला येणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा सापडलेले पत्ते लगेच रॅम वॉचमध्ये घालून ती यादी फाइलीत जपावी आणि गेमची स्थितीही साठवून ठेवावी. अर्धवट गाळलेला शोध यूपीएसविना वाचत नाही.

इम्युलेटरसोबत गेम येत नाहीत. गेमची फाइल कायदेशीर मार्गाने मिळवण्याची जबाबदारी आपली. आणखी एक गोष्ट आपल्या भागातील वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावी. येथे तयार केलेला कोड घरातील जुन्या टीव्ही गेमवर चालवण्याच्या विचाराने कोणी गेम जिनी मागवणार असेल, तर अमेरिकी गेम जिनी ७२ पिनांच्या यंत्रासाठी आहे, आणि आपल्याकडे विकल्या गेलेल्या बहुतेक टीव्ही गेमांत ६० पिनांच्या कॅसेटा बसतात. तो खर्च करू नये.

ज्यांना सुपर निन्टेन्डो किंवा प्लेस्टेशनच्या गेमांवर हीच पद्धत आजमावायची आहे, त्यांना एफसीईयूएक्स पुरणार नाही. त्यांनी बिझहॉक हे दुसरे इम्युलेटर घ्यावे, त्यातही रॅम सर्च आहे आणि अनेक यंत्रे एकाच ठिकाणी चालतात. मात्र पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती २ मेगाबाइट, म्हणजे एनईएसच्या १०२४ पट आहे, आणि तेथील गेमशार्क (गेम जिनीसारखेच चीटचे उपकरण) कोडमध्ये सुरुवातीचे ८० हे अंक दोन बाइट लिहायचे की ३० हे अंक एकच बाइट लिहायचा, हे आधी ठरवावे लागते. म्हणून पहिले काही पत्ते मारिओवरच शोधावेत आणि नंतरच तिकडे वळावे.