डॉकर की निक्स: प्रून मारल्यावर उरतं काय?

वागळे इस्टेट किंवा महापेत चार-सहा जणांची टीम आहे, सी किंवा सी++ मधलं सिस्टम सॉफ्टवेअर आहे, आणि बिल्डचा रनर (बिल्ड आपोआप चालवणारा प्रोग्राम) ऑफिसातल्याच एका मशीनवर चालतो. बिल्डचं वातावरण, म्हणजे कंपायलर आणि लायब्ररी, डॉकर इमेजमध्ये (लागणाऱ्या फाइलींच्या तयार पेटीत) बांधायचं की निक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये, असा प्रश्न अशा टीमला पडला असेल तर हे तिच्यासाठी. दोन्ही वापरून झाल्यावर माझं मत एका बाजूला झुकलंय, ते लपवत नाही. मात्र दुसऱ्या बाजूने गेलात तरी चूक म्हणणार नाही.

डॉकरची सोय मोठी आहे. सोमवारी रुजू झालेल्या मुलालाही डॉकरफाईल (इमेज बनवायची कृती) वाचता येते. मला छळलं ते त्यातल्या एकाच गोष्टीने: कॅश. रन ओळीचा लेयर (त्या ओळीने इमेजमध्ये घातलेला थर) पुन्हा वापरायचा की नाही, हे डॉकर त्या ओळीच्या मजकुरावरून आणि आधीच्या लेयरवरून ठरवतो. त्या ओळीने नेटवरून काय आणलं होतं, आज तिथे काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे डॉकरफाईल प्रत्यक्षात मोडलेली असते, पण जुना लेयर मशीनवर असल्यामुळे बिल्ड महिनाभर हिरवा दिसतो. मग एक दिवस रनरची डिस्क भरते, कुणीतरी प्रून (साठवलेली कॅश पुसायची आज्ञा) मारतो, आणि बिल्ड फुटतो. डिस्क भरायची ती रिलीजच्या आठवड्यातच, कारण तेव्हाच सर्वात जास्त बिल्ड होतात.

फुटण्याचे प्रकार ठरलेले आहेत. डेबियन लिनक्सच्या एपीटी या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाचं अपडेट एका ओळीत आणि इन्स्टॉल दुसऱ्या ओळीत असेल तर यादी जुन्या लेयरमधली येते. त्या यादीतलं पॅकेज डेबियनच्या आरशावरून (मिरर सर्व्हरवरून) हललेलं असतं, की ४०४ एरर. दोन्ही एकाच ओळीत घेतलं तर ४०४ टळतो, पण प्रूननंतर कंपायलरची वेगळी आवृत्ती गुपचूप आत येते. हे जास्त वाईट, कारण कुठेच लाल दिसत नाही. आवृत्तीचा आकडा बांधला तर सुरक्षा-अपडेट आल्यावर जुना आकडा आरशावरून जातो आणि इन्स्टॉल थांबतं. जुन्या रिलीजच्या शाखेचे हाल त्याहून वेगळे. डेबियन स्ट्रेच (डेबियनची जुनी आवृत्ती) नेहमीच्या आरशांवरून काढून अर्काइव्हमध्ये हलवलं गेलं, तेव्हा तो पत्ता धरून बसलेल्या डॉकरफाइली जागच्या जागी मेल्या.

यावर उपाय आहेत आणि ते चालतात. बेस इमेज टॅगने (नावाने) न घेता शा-२५६ डायजेस्टने (मजकुरावरून काढलेल्या ठशाने) बांधा. एपीटीचा पत्ता डेबियनच्या स्नॅपशॉट सेवेवर (जुन्या तारखांची पॅकेजेस जपून ठेवणाऱ्या) ठराविक तारखेला न्या. अधिकृत इमेजमधल्या एपीटीच्या सोर्स यादीत तो पत्ता कमेंट करून ठेवलेला असतो. जुन्या तारखेच्या रिलीज फाईलची मुदत संपलेली असते, म्हणून चेक-व्हॅलिड-अंटिल बंद करावं लागतं. स्नॅपशॉट हळू चालतो आणि फार मागितलं की अडवतो, तेव्हा पॅकेजेस एकदा उतरवून ऑफिसात ठेवणं बरं. आणि दर रविवारी रात्री कॅशशिवाय पूर्ण बिल्ड लावा, म्हणजे बिघाड निदान सोमवारी सकाळी कळतो. एवढं सगळं नेमाने करणारा माणूस टीममध्ये असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. असा माणूस ऐरोलीहून नोकरी बदलून पुण्याला गेला की काय होतं, ते मात्र विचारात घ्या.

जाता जाता: डॉकर हबने (इमेजेसच्या सार्वजनिक साठ्याने) २०२० च्या नोव्हेंबरपासून लॉगिनशिवाय इमेज ओढण्यावर आयपीमागे मर्यादा घातली, सहा तासांत १००. बिझनेस पार्कमध्ये तीन ऑफिसं एकाच पब्लिक आयपीमागे असतील तर ती दुपारपर्यंत संपते. ऑफिसात स्वतःची मिरर रजिस्ट्री (इमेजेसचा स्थानिक साठा) ठेवली की प्रश्न मिटतो.

निक्स हीच कॅश उलट्या बाजूने धरतो. बिल्ड सँडबॉक्समध्ये (बंदिस्त जागेत) चालतो आणि तिथे नेट बंद असतं. बाहेरून जे आणायचं त्याचा हॅश (मजकुराचा ठसा) आधी लिहून द्यावा लागतो. आलेली वस्तू जुळली नाही तर तिथेच थांबतो, दोन्ही हॅश शेजारीशेजारी छापून. स्टोअरमधल्या (निक्स सगळं ठेवतो त्या फोल्डरमधल्या) पत्त्यातला हॅश सगळ्या इनपुटवरून काढलेला असतो, त्यामुळे कॅश रिकामी केली म्हणून बिल्डचा अर्थ बदलत नाही, फक्त वेळ जातो. माझा कल इथेच ठरला. बिघाड होतो तो बदल केला त्या दिवशी, बदल करणाऱ्याच्याच हातात.

याची एक परीक्षा २०२३ च्या जानेवारीत झाली. गिटहबने सोर्स अर्काइव्ह दाबण्याची (कॉम्प्रेस करण्याची) पद्धत बदलली, आतल्या फाइली त्याच राहिल्या पण दाबलेल्या फाईलचा चेकसम बदलला, आणि बऱ्याच पाइपलाइन एकदम पडल्या. गिटहबने तो बदल मागे घेतला. निक्समध्ये गिटहबवरून सोर्स आणण्याची नेहमीची पद्धत उलगडलेल्या फाइलींचा हॅश घेते, त्यामुळे ती वापरणाऱ्यांना धक्का बसला नाही. थेट टारबॉलचा (त्या दाबलेल्या फाईलचा) हॅश लिहिलेल्यांना बसला.

निक्सचा त्रासही कमी नाही. फ्लेक (निक्समध्ये प्रोजेक्ट आणि त्याची अवलंबनं लिहायची पद्धत) वापरत असाल तर नवी फाईल गिटमध्ये ॲड केल्याशिवाय त्याला दिसतच नाही. एरर येते 'फाईल नाही', आणि फाईल डोळ्यासमोर असते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा यात एक तास जातो. फ्लेक अजून अधिकृतपणे प्रायोगिकच आहे, ही कुरकुर रास्त आहे. स्टोअर डिस्क खातं, तेव्हा गार्बेज कलेक्शन (नको ते पुसणं) ठरलेल्या वेळी लावा आणि चालू रिलीजना रूट ('हे पुसू नका' अशी खूण) देऊन ठेवा, नाहीतर तेही उडतील. एररचे संदेश वाचायची सवय व्हायला महिना धरा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. जुलैत वीज झपकते आणि यूपीएसची बॅटरी जुनी असली तर रनर मधेच बसतो. अर्धवट राहिलेला बिल्ड निक्स वैध म्हणून नोंदवत नाही, हे चांगलं. पण नोंद झाली आणि मजकूर डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली, तर स्टोअरमध्ये शून्य बाइटच्या फाइली सापडतात आणि पुढचे बिल्ड विचित्र कारणांनी पडतात. अशा वेळी निक्स-स्टोअरचं व्हेरिफाय चेक-कंटेंट्स आणि रिपेअर या दोन पर्यायांसह चालवा. नव्या आवृत्त्यांत एफसिंक-स्टोअर-पाथ्स ही सेटिंग आहे (ती मजकूर आधी डिस्कवर उतरवते), पण ती मुळात बंद असते. ऑफिसातल्या रनरवर ती चालू करा, थोडा वेग गेला तरी.

काही दुखणी दोघांपैकी कुणीच पूर्ण बरी करत नाही. कोडमध्ये डेट किंवा टाइम मॅक्रो (बिल्डची तारीख-वेळ भरणारा) असेल तर दोन बिल्ड वेगळे येऊ शकतात. सोर्स-डेट-इपॉक (घड्याळाऐवजी वापरायची ठराविक वेळ सांगणारा व्हेरिएबल) ठरवून दिला की जीसीसी कंपायलर आवृत्ती ७ पासून ते मानतो. टार करताना नावानुसार क्रम, ठराविक वेळ आणि मालक शून्य द्या. मेकफाईलमध्ये अवलंबन लिहायचं राहून गेलं असेल तर आठ कोअरवर दहापैकी एकदा बिल्ड पडतो आणि सगळे 'पुन्हा चालव' म्हणतात. ग्नू मेक ४.४ मध्ये आलेला शफल पर्याय क्रम मुद्दाम विस्कटतो; तो रात्रीच्या बिल्डला लावा, चोर लवकर सापडतो. आणि हॅश जुळला म्हणजे वस्तू चांगली, असं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये उघड झालेल्या एक्सझेड (फाइली दाबायचं साधन) ५.६.० आणि ५.६.१ मधल्या घातपाताचा महत्त्वाचा धागा रिलीजच्या टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. त्या टारबॉलचा हॅश अगदी बरोबर जुळला असता.

मग घ्यायचं काय? ग्राहकाला डेब पॅकेजच द्यायचं असेल, शाखा वर्षभरात बंद होत असेल आणि टीम सारखी बदलत असेल, तर डायजेस्ट आणि स्नॅपशॉट बांधलेला डॉकर पुरे. तीन-चार वर्षं जुन्या शाखेवर दुरुस्त्या द्यायच्या असतील तर मी निक्सकडे जाईन. सगळं एकदम हलवू नका. आधी एका रिपॉझिटरीत फक्त निक्सचा डेव्ह शेल (डेव्हलपरचं टर्मिनल वातावरण) करा, कंपायलर आणि लायब्ररी त्यातून घ्या, पॅकेजिंग जुन्याच वाटेने राहू द्या. पुढे बायनरी निक्समधून द्यायची ठरली तर पाठवण्याआधी तिचा लोडर (सुरू होताना लायब्ररी जोडणारा प्रोग्राम) कुठला ते रीडएल्फ या साधनाने बघा. तो निक्स स्टोअरमधला असेल तर ग्राहकाच्या उबुंटूवर 'फाईल नाही' असंच येईल. पॅचएल्फने तो पत्ता बदलता येतो, पण मग लायब्ररीचे रनपाथही (लायब्ररी शोधायच्या जागा) बदलावे लागतात आणि ग्राहकाकडची जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी) जुनी असली तर तरीही अडतं. स्थिर जोडणीचा (सगळी लायब्ररी बायनरीतच घेणारा) मस्ल बिल्ड, म्हणजे जीलिबसीऐवजी मस्ल ही सी लायब्ररी वापरलेला, त्यापेक्षा सुटसुटीत पडतो.