नॅसकारच्या रेसला स्कॅनर भाड्याने घ्यावा का? डेब्रिजच्या यलोवरून भांडणाऱ्यांनी तर घ्याच

अमेरिकेतल्या शार्लटमधली आपली बँकेतली आणि आयटीतली जनता मेच्या शेवटच्या लाँग वीकेंडला एकदा तरी कॉन्कॉर्डच्या ट्रॅकवर कोका-कोला 600 ही नॅसकारची (म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगची) 600 मैलांची रेस बघायला जाते, आणि जायच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. एक, बाहेरचं खाणं नेऊ देतात का (देतात, सॉफ्ट कूलर चालतो, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, शेजारच्या रांगेतल्या काकांनी पण खाल्ली) आणि दुसरा, तो कानाला लावायचा स्कॅनर भाड्याने घ्यायचा की नुसते पैसे वाया. हा रिव्ह्यू दुसऱ्या प्रश्नासाठी. पाचपैकी चार स्टार देतोय, आणि त्यातले निम्मे फक्त एका कारणासाठी, डेब्रिज कॉशनचं (ट्रॅकवर काही तुकडा-बिकडा पडला म्हणून पिवळे दिवे लावून, म्हणजे यलो देऊन, सगळ्या गाड्या हळू करतात त्याचं) काय गौडबंगाल असतं ते या डब्याने मला बऱ्यापैकी कळलं.

आधी वस्तू काय आहे ते. वॉकीटॉकीएवढा डबा, पट्ट्याला अडकवायला क्लिप, आणि जाडजूड हेडफोन. ट्रॅकच्या बाहेर स्टॉल असतात, कार्ड आणि आयडी दाखवायचं, ते सगळ्या गाड्यांच्या फ्रिक्वेन्सी भरूनच देतात, आपण फक्त गाडीचा नंबर टाकायचा की त्या गाडीचा ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (टीमचा मुख्य माणूस) आणि स्पॉटर यांचं जे काय चाललंय ते थेट कानात. स्पॉटर म्हणजे स्टँडच्या छपरावर उभा राहून ड्रायव्हरला बाजूला गाडी आहे की नाही ते सांगत राहणारा माणूस. फॉर्म्युला वनमध्ये टीव्हीवाले निवडून निवडून रेडिओ ऐकवतात, तोही थोडा उशिरा, इथे सगळं उघडं, शिव्यांसकट. रेस कंट्रोलचं, म्हणजे रेस चालवणाऱ्या अधिकाऱ्यांचं, चॅनल पण मिळतं आणि रेडिओची कॉमेंट्री पण. स्प्लिटरची वायर मागून घ्या, एका डब्यावर दोघांचं भागतं, दोन डबे घ्यायची अजिबात गरज नाही.

वैताग पण आहे. रेस संध्याकाळी सुरू होते तरी उकाडा मेलेला नसतो, तासाभरात कान घामाने चिकट होतात आणि हेडफोन सारखा वर-खाली करावा लागतो. सदर्न लोकांचं इंग्लिश पहिला अर्धा-पाऊण तास डोक्यावरून जातं. ऑटो स्कॅनवर ठेवलं तर एका गाडीचं अर्धं वाक्य आणि दुसरीचं अर्धं, दादरला लोकलमध्ये चढताना दहा जणांची फोनवरची बोलणी एकदम ऐकू यावीत तसं, त्यामुळे सरळ एक गाडी होल्ड करून ठेवा. आणि रेस संपल्यावर परत करायची रांग. चार तासांहून जास्त वेळ बसून झाल्यावर ती रांग नको होते. एक स्टार तिथेच कापलाय.

आता मुद्द्याचं. माझ्यासोबत मेहुणा होता, कोल्हापूरचा, गो-कार्टिंगवर पैसे उडवलेला आणि फॉर्म्युला वनचा कट्टर. नारायण कार्तिकेयनने 2010 मध्ये नॅसकारच्या ट्रक सिरीजमध्ये गाडी चालवली होती आणि फॅन्सच्या मतांवर मोस्ट पॉप्युलर ड्रायव्हर झाला होता, एवढीच त्याची नॅसकारची ओळख. त्याला काहीच न घडता पिवळे दिवे लागलेले दिसले आणि तो लगेच म्हणाला, "दाजी, हे फिक्स हाय बगा. पुढचा लई पुढं गेलता म्हणून थांबवलं."

आणि हे तो एकटा म्हणत नाही, नॅसकार बघणारे अमेरिकन लोक वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेत. कारण साधं आहे. यलो लागला की सगळे हळू चालणाऱ्या पेस कारच्या मागे गोळा, आघाडीवरच्याने तासभर घासून कमावलेली आठ सेकंदं शून्य. वर 2003 पासून एक लॅप मागे पडलेल्या पहिल्या गाडीला तो लॅप फुकट परत मिळतो, आणि 2009 पासून रीस्टार्ट दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे झटापट नक्की. टीव्हीला अजून काय पाहिजे! टोनी स्टुअर्टसारखा चॅम्पियन माणूस 2007 मध्ये स्वतःच्या रेडिओ शोवर याला प्रो रेसलिंग (म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती) म्हणाला होता, नॅसकारवाल्यांनी बोलावून झापला त्याला. निवृत्त झाल्यावरही गप्प बसला नाही, 2017 च्या जूनमध्ये मिशिगनची रेस शेवटाकडे आलेली असताना डेब्रिजचा यलो दिला तेव्हा ट्विटरवर म्हणाला की कितीतरी ड्रायव्हर आणि टीम्सच्या दिवसाची वाट लावली. मधे 2010 मध्ये डेनी हॅमलिनला ट्विटरवरच्या टीकेबद्दल गुपचूप दंड केला होता, तो नंतर बाहेर फुटला. आता टीका करणाऱ्याला तुम्ही गुपचूप दंड करणार आणि वर म्हणणार आमच्यावर विश्वास ठेवा, कसा ठेवणार?

शिवाय टीम्सचे हात पण काही स्वच्छ नाहीत. 2006 मध्ये अटलांटाला रॉबी गॉर्डनने गाडीतल्या रोल बारचं पॅडिंग ट्रॅकवर टाकलं म्हणून दंड आणि पॉइंट कट झाले, म्हणजे डेब्रिज खरंच होतं, फक्त होममेड होतं. 2013 ला रिचमंडला क्लिंट बोयरची गाडी शेवटच्या सात लॅपला अशी काही फिरली की टीमला 3 लाख डॉलर दंड बसला आणि त्याच टीमचा मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर प्लेऑफमधून बाहेर गेला. तो डेब्रिजचा मामला नव्हता, पण यलोसाठी लोक कुठपर्यंत जातात ते कळतं.

एवढं सगळं माहीत असून मी म्हणतो की डेब्रिज कॉशन बहुतेक वेळा योग्य असतो, आणि ते ठिकाणावर बसून बघितलं की जास्त पटतं.

हा ट्रॅक दीड मैलाचा, ओव्हल म्हणजे लंबगोल, लॅपला साधारण 30 सेकंद, म्हणजे ताशी 290 किलोमीटरच्या आसपास, सेकंदाला 80 मीटर. आणि 40 गाड्या रिंगणभर पसरलेल्या. आता टर्नमध्ये बोटभर लोखंडाचा तुकडा पडलाय, तो उचलायला माणूस पाठवायचा म्हटलं तर पाठवणार कधी? मोकळी फटच नसते. फॉर्म्युला वनचा ट्रॅक बघा, पाच-सहा किलोमीटर लांब, जिथे गडबड तिथेच लोकल पिवळा झेंडा, शिवाय 2015 पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार, सगळे आपापलं अंतर राखून हळू. ओव्हलवर तसं जमत नाही, हळू झालं की सगळ्यांनीच व्हायचं, आणि झेंडा सगळ्या ट्रॅकला एकच. मेहुण्याचा अर्धा राग इथे होता, त्याला वाटत होतं नुसतं त्या टर्नपुरतं पिवळं का नाही करत. आणि तो तुकडा तसाच सोडला तर? उजवीकडचा पुढचा टायर चिरला की 24 अंशाच्या बँकिंगवर (वळणाच्या उतारावर) गाडी सरळ भिंतीत जाते, ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

डेब्रिज म्हणजे प्रत्येक वेळी कागदाचा कपटा असं पण नाही. याच ट्रॅकवर 2013 च्या 600 मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्याची दोरी तुटून ट्रॅकवर पडली, काइल बुशची गाडी त्यावरून गेली आणि फाटली, दोरी स्टँडपर्यंत आली आणि 10 प्रेक्षक जखमी झाले. तेव्हा रेस नुसती पिवळी नाही, पूर्ण थांबवून टीम्सना गाड्या दुरुस्त करू दिल्या होत्या.

तर स्कॅनरवर काय ऐकलं ते सांगतो, त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला घेतला. ग्रीन, म्हणजे पूर्ण वेगातली रेस, बराच वेळ चालू होता, पुढचा गडी आरामात पुढे, आणि मी मधल्या फळीतल्या एका गाडीला होल्ड करून ठेवलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, टर्न दोनमधून बाहेर पडताना भिंतीला लागून काहीतरी पडलंय. स्पॉटर म्हणाला रबर असेल. पुढच्या लॅपला ड्रायव्हर म्हणतो रबर नाही, चमकतंय. मी पटकन रेस कंट्रोलवर गेलो तर तिथे आधीच त्याच्यावर बोलणं चालू होतं, त्या टर्नवरचा माणूस सांगत होता, दिसतंय, गाड्या जातात त्या लाइनच्या बाहेर आहे, लक्ष ठेवतो. बस्स. दहा-बारा लॅप तसेच गेले, कुणी काही केलं नाही. मग एक गाडी घसरून वर गेली, तिच्या वाऱ्याने म्हणा की टायरने म्हणा तो तुकडा खाली सरकला, टर्नवरचा माणूस म्हणाला आता लेनमध्ये आलाय, आणि त्याच लॅपमध्ये दिवे पिवळे. ट्रक आला, एक जण उतरला, तळहाताएवढा वाकलेला पत्रा उचलून मागे टाकला, झालं. अख्खा स्टँड हुर्यो करत होता, कारण आघाडीवरचा लोकांचा लाडका होता. टीव्हीवर बघणाऱ्याला काय दिसलं असेल? जाहिरात संपली आणि यलो. आधीची दहा-बारा लॅपची वाट बघणं त्याला कुठे दिसणार.

या सगळ्यात सगळ्यात मजा स्पॉटर लोकांची. 600 मध्ये ग्रीनवर पिटला (टायर-पेट्रोलसाठी ट्रॅकबाहेर) गेलं की लॅप जातो, आणि बाकीचे जायच्या आत यलो पडला की आधी जाऊन आलेला अडकतो आणि न गेलेल्याची लॉटरी. त्यामुळे पेट्रोल संपत आलंय पण पिटला जायचं टाळतायत अशा गाड्या ऐकत राहा, त्यांना प्रत्येक टर्नमध्ये डेब्रिज दिसतं. इकडे तुकडा, तिकडे बाटली, बॅकस्ट्रेचला काहीतरी. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, इथे गरजवंताला डोळे जास्त असतात. आघाडीवरच्याचं चॅनल लावा, त्याच ट्रॅकवर त्याला कचऱ्याचा कण दिसत नाही. रेस कंट्रोलवाले हे रोज ऐकतात, त्यांना कुणाचं किती मनावर घ्यायचं ते माहीत असतं, आणि मला तरी वाटलं की ते होईल तेवढं टाळतच होते.

तरी एक यलो असा होता की त्याच्या आधी मला कुठेच काही ऐकू आलं नाही. आता 40 गाड्यांमधली मी एका वेळी एक ऐकतोय, त्यामुळे त्यावरून फिक्सिंग म्हणणार नाही, पण काय उचललं तेही कुणी दाखवलं नाही. आणि माझी खरी तक्रार तीच आहे. समोर एवढा अवाढव्य स्क्रीन लावलाय, त्यावर टायरच्या आणि बियरच्या जाहिराती दाखवता, मग ज्या तुकड्यासाठी आठ सेकंदाची लीड खाल्ली तो पाच सेकंद दाखवायला काय जातं? क्रिकेटमध्ये थर्ड अंपायरचा प्रत्येक फ्रेम आपण बघतो, निर्णय पटला नाही तरी काय बघून दिला ते कळतं. इथे सापडलेली वस्तू दाखवायची सक्ती केली की निम्मी कटकट मिटेल. 2017 पासून स्टेज म्हणजे रेसचे टप्पे आले, टप्पा संपला की यलो, त्यामुळे रेसला ठरलेले यलो असतात, 600 मध्ये तर 100-100 लॅपचे चार स्टेज म्हणजे तीन यलो कार्यक्रमपत्रिकेतच छापलेले. तेव्हापासून डेब्रिजचे यलो बरेच कमी झाले, ही चांगली गोष्ट, पण शंकेखोर माणूस यावरून उलटंच म्हणणार, बघा, आता गरज नाही म्हणून डेब्रिज पडत नाही! त्याला काय उत्तर देणार, मलाही थोडं तसंच वाटतं.

मेहुण्याचं मत? शेवटपर्यंत तो "हाय काहीतरी गडबड" वरच होता, फक्त स्कॅनर माझ्याकडे परत द्यायला तयार नव्हता.

कुणी घ्यावा: पहिल्यांदा जाणाऱ्याने नक्की, कारण तीन-चारशे लॅप नुसत्या गोल फिरणाऱ्या गाड्या बघून कंटाळा येतो, आणि कानात गोष्ट चालू असली की येत नाही. ज्याला दोन तासांत निघायचंय त्याने नको, तोपर्यंत कान नुकता बसलेला असतो. घरी बघणाऱ्यांना नॅसकारच्या ॲपवर टीमचे रेडिओ ऐकता येतात, डेब्रिजच्या वेळी तेवढ्याने पण काम होतं, पण रेस कंट्रोल आणि स्वतःचे डोळे हे कॉम्बिनेशन स्टँडमध्येच. लहान मुलं नेत असाल तर त्यांना स्कॅनर नका देऊ, साधे कानावर बसणारे इअरमफ घरूनच न्या. आणि डबा घेतल्या घेतल्या स्टॉलवरच्या माणसाकडून रेस कंट्रोलचं चॅनल कसं लावायचं ते विचारून, स्वतः लावून बघूनच पुढे सरका, आत गेल्यावर त्या आवाजात कुणी कुणाला काही शिकवू शकत नाही.