स्वतंत्र संगीतकारांसाठीचा बिनतारखेचा प्लॅनर : १५ महिने वापरल्यानंतर

हा प्लॅनर घेतला तेव्हा माझ्या नावावर तीन गाणी होती आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. मी गाते, गिटार वाजवते, गाणी स्वतः लिहिते. आठवड्याचे चार दिवस शिकवण्या असतात, घर त्यावर चालतं. आमच्या ड्रमरकडे हा प्लॅनर पाहिला, सरावाच्या मधल्या वेळात चाळला आणि त्याच आठवड्यात मागवला. पहिला भरून झाला, दुसरा चालू आहे, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

आकार ए-५, पुठ्ठा जाड, बांधणी शिलाईची. त्यामुळे नोटेशन स्टँडवर उघडून ठेवला की सपाट राहतो, एका हाताने दाबून धरावा लागत नाही. आत आठवड्यांची ५२ जोडपानं, महिन्यांची १२ पानं आणि मागे सहा रिलीजची पानं. तारखा छापलेल्या नाहीत, त्या आपण घालायच्या. मध्ये माझा घसा बसला आणि पाच-सहा आठवडे काहीच झालं नाही. छापील तारखांच्या डायरीत तेवढी कोरी पानं बघून मी ती बंदच केली असती. इथे बरी झाल्यावर पुढच्या पानावर तारीख घातली आणि काम सुरू केलं.

पहिल्या पानांवर लक्ष्य कसं लिहावं ते सांगितलंय. जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली मांडलेली ‘स्मार्ट’ पद्धत आहे: लक्ष्य नेमकं हवं, मोजता यायला हवं, ते कोण करणार हे ठरलेलं हवं, आवाक्यातलं हवं आणि त्याला मुदत हवी. मी लिहिलं, ‘वर्षभरात एक लाख स्ट्रीम्स’. म्हणजे गाणी ऑनलाइन एक लाख वेळा ऐकली जाणं. नेमकं होतं, मोजता येत होतं, मुदतही होती. मग पान उलटलं. पुढच्या पानावर दोनच रकाने आहेत, ‘माझ्या हातात’ आणि ‘माझ्या हातात नाही’. आधीच्या पानावरचं प्रत्येक लक्ष्य यातल्या एका रकान्यात उतरवायचं.

त्या पानावर मी अख्खी संध्याकाळ घालवली. एक लाख स्ट्रीम्स उजवीकडे गेले. मोठ्या प्लेलिस्टमध्ये गाणं लागणं उजवीकडे. महोत्सवात बोलावणं येणं उजवीकडे. डावा रकाना रिकामा होता. इतकी वर्षं मी जे मनात धरून बसले होते ते सगळं दुसऱ्या कुणीतरी करायचं होतं, हे तेव्हा पहिल्यांदा समोर आलं आणि मला रडू आलं. मग एकेक ओळ लिहीत गेले. चार गाणी मास्टरिंगपर्यंत, म्हणजे आवाजाच्या शेवटच्या संस्कारापर्यंत, पूर्ण करणं. दर महिन्याला पाच आयोजकांना ध्वनिफितीसकट पत्र पाठवणं. प्रत्येक कार्यक्रमानंतर दाराशी उभं राहून श्रोत्यांचे ईमेल पत्ते घेणं. वर्षभर मी डाव्या रकान्यावरच काम केलं. प्लॅनरमधलं हे एक पान कुणी फाडून दिलं असतं, तरी मी ते जपून ठेवलं असतं.

कमाईच्या पानाबद्दल मात्र तक्रार आहे. तिथे ‘दर स्ट्रीममागे किती’ असा रकाना देऊन गुणाकार करायला लावलाय. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर दर स्ट्रीमला असा ठरलेला दर नसतो. महिन्याची एकूण रक्कम गोळा होते आणि तुमच्या गाण्यांचा एकूण ऐकण्यात जितका वाटा, त्या प्रमाणात ती वाटली जाते. स्ट्रीम्स तेवढेच राहूनही रक्कम कमी-जास्त होते. शिवाय २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत निदान १,००० स्ट्रीम्स झालेलं गाणंच रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीसाठी धरलं जातं. नव्या माणसाने हे आधी समजून घ्यावं, कारण त्यावरून बेत बदलतो. मी वर्षाला दहा गाणी काढायचा विचार सोडला. चारच काढायची, पण प्रत्येकामागे दोन-दोन महिने उभं राहायचं असं ठरवलं. थेट विक्रीची ओळ त्या पानावर आहे, ती चांगली. बँडकँप ही कलाकारांना गाणी थेट विकू देणारी साइट डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेते, पैसे चुकते करण्याचं शुल्क वेगळं, आणि उरलेलं कलाकाराला मिळतं. तिथे गुणाकार खरंच जमतो.

आता रिलीजची पानं. प्लॅनर घ्यायचा तो या सहा पानांसाठी.

प्लॅनर घेण्याआधी, माझ्या दुसऱ्या गाण्याच्या वेळी मंगळवारी मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, हातात आला, त्याच रात्री अपलोड केलं आणि शुक्रवारी गाणं बाहेर. गाणं कधी एकदा लोकांना ऐकवते असं झालं होतं. नंतर कळलं की स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे फक्त प्रकाशित न झालेलं गाणं सुचवता येतं, आणि निदान सात दिवस आधी सुचवलं तर ते आपल्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये जातं. मी दोन्ही गमावलं होतं. एकदा गाणं बाहेर आलं की ते दार बंद.

रिलीजच्या पानावर उलटी मोजणी आहे. उजव्या टोकाला गाण्याची तारीख, तिथून डावीकडे आठ आठवड्यांचे आठ चौकोन, आणि प्रत्येकात चार ओळींची जागा. भरायला सुरुवात उजवीकडून करायची. या प्लॅनरमधल्या चौथ्या गाण्याचं पान आत्ता समोर आहे. आठव्या आठवड्यात ‘मिक्स पक्कं, यापुढे बदल नाही’ आणि खाली दोन रेघा (मिक्स म्हणजे आवाज आणि वाद्यांचा एकत्र बसवलेला मेळ). सातव्यात मास्टरिंग. सहाव्यात मुखपृष्ठाचं चित्र, ३,००० बाय ३,००० पिक्सेल, कारण लहान चित्रावरून आधी एकदा गाणं परत आलं होतं. पाचव्यात अपलोड. चौथ्यात संपादकांना गाणं सुचवणं, त्यासाठी लिहिलेल्या मजकुराचे तीन खर्डे पानाच्या कडेला चिकटवलेत. तिसऱ्यात पत्ते दिलेल्या श्रोत्यांना पहिलं पत्र. दुसरा चौकोन मी मुद्दाम कोरा ठेवला होता, आणि चित्रकाराला उशीर झाला तेव्हा तोच उपयोगी पडला. तारीख एकदाही पुढे ढकलावी लागली नाही.

आठवड्याच्या पानावर तळाशी ‘जर… तर…’ अशी एकच ओळ आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय. नुसतं ‘मी हे करेन’ ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. मी पहिल्या आठवड्यात लिहिलं, ‘जर शेवटचा विद्यार्थी गेला, तर गिटार खाली न ठेवता २० मिनिटं नवं गाणं’. पूर्वी शिकवणी संपली की गिटार केसमध्ये जायची आणि मग रात्रभर बाहेर यायची नाही. हे वाक्य लिहिल्यापासून गिटार हातातच राहते. प्लॅनरमधल्या तिसऱ्या गाण्याचा अंतरा असाच संध्याकाळच्या तुकड्यांत झाला.

न पटलेल्या गोष्टींत दर महिन्याचा फॉलोअर्सचा आलेख आहे. डाव्या-उजव्या रकान्यांत एवढं नीट समजावणाऱ्यांनी तो का ठेवला कळत नाही. आलेख खाली गेला की चार दिवस मन लागत नाही, म्हणून मी त्यावर कागद चिकटवून सरावाचे तास लिहिते. जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते, पेन्सिलच बरी.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हक्कांच्या नोंदीला या प्लॅनरमध्ये एकही पान नाही. ही उणीव मला भोवली आहे. माझं पहिलं गाणं ज्या डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी सगळ्या ॲप्सवर चढवणारी कंपनी) होतं त्यांची वार्षिक फी भरायची राहिली आणि गाणं सगळीकडून उतरलं. दुसरीकडे पुन्हा चढवताना जुना आयएसआरसी द्यायला हवा हे मला माहीत नव्हतं. हा १२ अक्षरी कोड म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख. तो तोच ठेवला असता तर जुने आकडे गाण्याशी जुळण्याची सोय राहिली असती. नवा कोड पडला आणि मोजणी शून्यापासून झाली. तीन वर्षं लोकांनी ते गाणं ऐकलं होतं. शिवाय चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, आणि दोन्हीची नोंद वेगळी करावी लागते. गाण्यात कुणाचा किती वाटा हे कुठे लिहायचं? आमचा ड्रमर पहिल्यापासून सांगायचा, ‘अगं, टक्के आत्ताच लिहून टाक. गाणं चाललं की मग बोलायला अवघड जातं.’

वर्षाचा हिशेब असा. चारपैकी तीन गाणी आली, चौथं प्लॅनर संपल्यावर दीड महिन्याने. १२ कार्यक्रम ठरवले होते, ११ झाले. ईमेल पत्ते ६० वरून २१२ वर गेले, आणि चौथं गाणं पहिल्या दिवशी विकत घेणारे जवळजवळ सगळे यातलेच होते. एक लाख स्ट्रीम्सच्या जवळपासही पोचले नाही, पण तिन्ही गाण्यांनी हजाराचा टप्पा ओलांडला.

एकट्याने काम करणाऱ्याला हा प्लॅनर मी मनापासून सुचवेन. चार-पाच जणांच्या बँडला नाही, तिथे सगळ्यांना एकाच वेळी दिसेल असं ऑनलाइन शीट लागतं. तयार करणाऱ्यांना मी पत्र लिहून हक्कांचं पान घालायला सांगितलंय. तोवर दुसऱ्या प्लॅनरच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून मीच एक तक्ता चिकटवलाय: गाणं, आयएसआरसी, चाल-शब्दांची नोंद, कुणाचे किती टक्के, सह्या. पहिल्या ओळीत माझी आणि ड्रमरची सही झाली आहे. बेसवाल्याची रविवारी सरावाला घ्यायची आहे.