रिलीज तारखेला की तयार झाल्यावर?

मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेले) सॉफ्टवेअर प्रोजेक्ट चालवणाऱ्यांत हा वाद एकदा तरी होतोच. पुढची आवृत्ती ठरल्या तारखेला काढायची, की ठरवलेली कामं पूर्ण झाल्यावर? ऐकायला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

‘झाल्यावर’ म्हटलं की पुढची आवृत्ती कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून जो तो आपला पॅच (कोडमधला बदल) याच आवृत्तीत घुसवायला बघतो. ‘एवढा एक घ्या ना, मग करा फ्रीझ.’ फ्रीझ म्हणजे नवं काम घेणं बंद. तो घेतला की नवे बग निघतात, रिलीज लांबतं आणि लांबलंय म्हटल्यावर आणखी दोघांना वाटतं, आपलंही बसेल. लिनक्स कर्नलची (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) २.४ आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली, २.६ डिसेंबर २००३ मध्ये. तोवर डिस्ट्रोवाले (कर्नलभोवती पूर्ण सिस्टिम बांधून देणारे) नव्या सोयी जुन्या कर्नलला ठिगळासारख्या जोडत बसले. डेबियन या डिस्ट्रोचंही तेच झालं: वुडी ही आवृत्ती जुलै २००२, पुढची सार्ज थेट जून २००५.

तारखेची पद्धत म्हणजे लोकल. ८.१३ची ८.१३ला सुटणार (सुटायला हवी, असं म्हणू). तुम्ही जिन्यात असाल तर पुढची पकडा. कर्नल आता असाच चालतो. नवं काम घ्यायला दोन आठवडे, मग दर आठवड्याला एक आरसी (चाचणीसाठीची जवळपास तयार आवृत्ती), बहुधा सातव्या-आठव्यापर्यंत, आणि रिलीज. नऊ-दहा आठवड्यांनी पुढची गाडी. मला यात सगळ्यात आवडते ती नाही म्हणायची सोय. ‘या वेळी राहू दे, पुढच्या आवृत्तीत घेऊ’ म्हटल्यावर फारसं कुणी रुसत नाही. ‘नंतर बघू’ म्हटलं की माणसं गळतात. फुकट काम करणाऱ्याला थांबायचं काय अडलंय?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेनेही दीडेक वर्षाचा फेरा सोडून ३.९ पासून दर ऑक्टोबर धरला. अर्थात तारीख हलते कधीकधी. उबुंटू या डिस्ट्रोची एप्रिल २००६ची आवृत्ती जूनमध्ये आली, म्हणून तिचा आकडा ६.०६ (आधी वर्ष, मग महिना). पोस्टग्रेस या डेटाबेसची ९.५ तर जानेवारी २०१६ पर्यंत लांबली.

मात्र अर्धवट काम बाजूला काढता येत नसेल, तर तारखेच्या वाटेला जाऊ नका. देवनागरीच्या एका छोट्या लायब्ररीत आम्ही हौसेने तारीख जाहीर केली. आदल्या रात्री अपुरं फीचर उपटायला गेलो, तर त्याच्याबरोबर जोडाक्षरंही मोडली. टेस्ट होत्या कुठे! रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा दर सहा आठवड्यांनी निघते, कारण नवा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) लोकांच्या हजारो पॅकेजांवर चालवून बघणारी यंत्रणा मागे उभी आहे.

एकट्याचं, स्थिरावलेलं काम असेल तर ‘झाल्यावर’च बरं. टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती-आकडा पाय (π) या संख्येच्या दिशेने एकेक अंक पुढे सरकतो, आता ३.१४१५९२६५३ वर आहे. त्याच्या रिलीजची वाट बघत कुणी ताटकळत नाही.

मर्ज करणारे (इतरांचे बदल मूळ कोडमध्ये घेणारे) दोनापेक्षा जास्त असतील आणि तुमच्या कोडवर दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर उभं असेल, तर तारीख धरा. पहिल्यांदा सहा महिन्यांनंतरची, फ्रीझ तिच्या महिनाभर आधी. फ्रीझनंतरचा पहिला ‘एवढा एक’ पॅच बहुधा जवळच्याच मित्राचा येईल. तो पुढच्या गाडीला.