महिन्याचा किराणा: सुपरमार्केट की गल्लीतलं दुकान? दोघांच्या घराचा अनुभव

नवीन संसार मांडलेले किंवा नोकरीसाठी पुण्यात येऊन दोघं-तिघं मिळून स्वयंपाक करणारे बरेच जण हे विचारत असतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आम्ही नवरा-बायको दोघंच, धायरीत राहतो, दोघांचेही डबे घरचेच. पहिलं दीड वर्ष सगळा किराणा सुपरमार्केटमधून भरला आणि गेली दोन वर्षं जास्त करून गल्लीतल्या दुकानातून भरतोय. तक्ते वगैरे काही मांडलेले नाहीत, पण महिनाअखेरीला खात्यात काय उरतं ते कळतंच ना.

आधी सुपरमार्केटचं सांगतो कारण ती बाजू खरंच भक्कम आहे. तेल, साबण, चहा पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं, ज्याच्यावर एमआरपी छापलेली असते ते बहुतेक सगळं तिथं छापील किमतीच्या खाली मिळतं. दुकानवाले काका तेच एमआरपीला देतात, फार तर दोन-पाच रुपये सोडतात. चार-पाच माणसांचं घर आहे, महिन्याला पाच लिटर तेल लागतं, अशांना मी दुसरीकडे जा म्हणणार नाही. फक्त तेल घेताना पिशवीवरचं वजन वाचा. एक लिटर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण शेजारीच तशाच दिसणाऱ्या ८५० नाहीतर ८०० ग्रॅमच्या पिशव्या ठेवलेल्या असतात आणि स्वस्त वाटते ती बऱ्याचदा हीच. पाकिटावर आता ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापावा लागतो, तो बघायचा, पण किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमचा असतो आणि किलोच्या वरच्यावर किलोचा, त्यामुळे दोन पाकिटं शेजारी धरली तरी हजाराने गुणल्याशिवाय काही कळत नाही. मोबाईल खिशात असतोच, गुणा.

आता माझं कुठे बिनसलं ते. पाकिटाचा साइज. आमच्या जवळच्या सुपरमार्केटात कडधान्य अर्ध्या किलोच्या खाली मिळायचंच नाही, काही तर थेट किलोची पाकिटं. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण दोघांच्या घरात स्वस्तात आणि तरी रोज वेगळं खायचं असेल तर सगळी मदार कडधान्यांवर असते, मटकी, मूग, मसूर, चवळी, वाल, हरभरे, वाटाणे. दोघांच्या उसळीला वाटीभर कोरडी मटकी पुष्कळ होते, म्हणजे दीडशे ग्रॅम धरा, मोड आले की फुगून डबल होते आणि उरलेल्या उसळीवर दुसऱ्या दिवशी पातळ रस्सा आणि फरसाण घातलं की मिसळ. म्हणजे अर्धा किलो तीन वेळा सहज पुरते. असे सात प्रकार अर्धा-अर्धा किलो आणले तर साडेतीन किलो कडधान्य झालं, आम्हाला ते संपवायला अडीच-तीन महिने लागायचे, आणि मध्ये पावसाळा.

पहिल्याच जुलैमध्ये मुगाला भुंगा लागला, रव्यात जाळी झाली आणि चवळीचा डबा उघडला तर निम्म्या दाण्यांना भोकं आणि तळाशी पीठ. सगळं टाकून द्यावं लागलं. बायको त्या दिवशी खूप हळहळली, मलाही फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा अन्न टाकल्याचं. मग आम्ही दोनच प्रकार आणायला लागलो, तर आठवडाभर तेच तेच खाऊन कंटाळा यायचा आणि शनिवारी बाहेरून मागवलं जायचं. त्या एका जेवणाच्या बिलात आमचं महिन्याभराचं कडधान्य आलं असतं. आमचे पैसे गळत होते ते इथे, किलोमागच्या दहा रुपयांत नाही.

काकांकडे मटकी पावशेर, मसूर पावशेर, वाल शंभर ग्रॅम, असं काहीही मागा, पुडी बांधून मिळते. आता आमच्याकडे सात-आठ प्रकार असतात आणि महिन्याच्या शेवटी डबे रिकामे होतात. एक दिवस मटकी, एक दिवस पिठलं, मग मसुराची आमटी, डाळ-वांगं, वालाची उसळ, एखाद्या रात्री नुसतं थालीपीठ. दोघांचं एक वेळचं साधारण चाळीस रुपयांच्या आत बसतं, गॅस सोडून. सुटी डाळ कधी किलोमागे पाच-दहा रुपयांनी महाग पडते हे कबूल, पण कधी स्वस्तही पडते. जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर तो नाही. सुट्या मालात खडे निघतात, निवडायला वेळ द्यावा लागतो, हा त्रास आहेच. पण एकदा तूरडाळ चार शिट्ट्या होऊनही शिजेना तर काकांनी काही न बोलता बदलून दिली.

भाकरीवाल्यांसाठी अजून एक. ज्वारीचं पाकिटातलं पीठ कधी दळलंय ते भाकरी थापेपर्यंत समजत नाही, जुनं असलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, कितीही मळा, कडा चिरतातच. दुकानातून दोन किलो ज्वारी घेऊन शेजारच्या गिरणीत दळून आणतो, दहा-बारा दिवसांत संपते, भाकरी मऊ होते. दोन पावलं जास्त चालावं लागतं एवढंच.

दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपचं फार सांगत नाही. अडीअडचणीला ठीक आहे, पण छोट्या ऑर्डरला वरचे चार्जेस लागतात आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी ते मला पटत नाही. भाजी आम्ही आठवडी बाजारातूनच घेतो.

प्रत्येकाचं घर वेगळं, खाणारी तोंडं वेगळी, त्यामुळे अमुकच करा असं मी म्हणणार नाही. पण घरात दोघं किंवा तिघं असाल तर निदान दोन महिने कडधान्य, डाळी आणि पीठ सुटं आणून बघा. पावशेर मागायला सुरुवातीला मलाही संकोच वाटायचा, काकांना त्यात काहीच वाटत नाही, दहा रुपयांची मोहरीसुद्धा ते तेवढ्याच आपुलकीने देतात. आम्ही सुपरमार्केटात अजूनही जातो, दोन महिन्यांतून एकदा, तेल, साबण, चहा पावडर आणि फिनेल एवढीच यादी घेऊन, आणि ट्रॉली न घेता हातातली बास्केट घेतो, ती जड झाली की आपोआप काउंटरकडे वळायला होतं.