घरात म्हातारा कुत्रा आहे. सोबतीला पिल्लू आणावं की मोठा कुत्रा?

दिवाळी उलटली की इंदूरच्या गल्ल्यांत पिल्लं दिसायला लागतात. पावसाळा सरताना माजावर आलेल्या कुत्र्या थंडीच्या तोंडावर व्यायलेल्या असतात आणि हातगाड्यांखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पिल्लं एकमेकांना बिलगून झोपलेली असतात. लोकमान्य नगर, सुदामा नगरच्या ओळखीच्या घरांतून प्रश्न येतो तो याच दिवसांत: आमचा आता नऊ-दहा वर्षांचा झाला, त्याला सोबत म्हणून एक उचलून आणू का?

माझं मत आधीच सांगतो. म्हातारा धडधाकट असेल, बाहेर दुसरी कुत्री भेटली की शेपूट हलवत पुढे जात असेल, आणि घरात दिवसभर कुणीतरी असेल, तर पिल्लू आणा. पण तो उठताना कण्हत असेल, जिना टाळत असेल, कंबरेला हात लागला की मागे वळून बघत असेल, तर पिल्लू नको. दोन-तीन वर्षांचा, शांत, नसबंदी झालेला कुत्रा दत्तक घ्या, किंवा कुणालाच आणू नका. तिसरा पर्यायही चांगलाच आहे.

पिल्लू दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतं हे खरं, पण उरलेल्या वेळात ते म्हाताऱ्याच्याच मागे असतं. कानाला लोंबकळतं, शेपटीवर झडप घालतं, त्याच्या गादीवर पसरतं. दात सुयांसारखे. ओळखीच्या एका काकूंकडे अकरा वर्षांची लॅब्रॅडॉर आहे. नवं पिल्लू तोंडाशी आलं की ती आधी मान फिरवते. मग ओठांवरून जीभ फिरवते, झोप नसताना जांभई देते. तरी पिल्लू हटलं नाही की अंग ताठ होतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, आणि सगळ्यात शेवटी गुरगुर येते. घरच्यांच्या कानावर पडते ती फक्त ही गुरगुर, आणि ओरडा तिलाच बसतो. हे कळकळीने सांगतो: गुरगुरण्याबद्दल म्हाताऱ्याला कधीही रागावू नका. ते त्याचं ‘पुरे’ म्हणणं आहे. ते बंद पाडलंत तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला एक चावाही भारी पडतो. जांभई दिसली तेव्हाच पिल्लाला उचलून बाजूला न्यायचं, ही जबाबदारी माणसाची.

मोठ्या कुत्र्याला ही भाषा येते. समोरच्याने मान फिरवली की बहुतेक मोठे कुत्रे आपणहून बाजूला होतात, आणि दुखऱ्या सांध्यांच्या म्हाताऱ्याला नेमकं तेच हवं असतं. शिवाय त्याचा आकार, आवाज, स्वभाव आज डोळ्यांसमोर असतो. पिल्लू वर्षभराने कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. आज ज्याला म्हातारा सूट देतोय तेच वयात आलं की डोक्यावर मिरे वाटायला लागतं, तेव्हा खरी ठिणगी पडते. म्हणून दोघांपैकी काहीही आणा, शक्यतो विरुद्ध लिंगाचं आणा. एकाच घरातल्या दोन माद्यांची भांडणं मिटवणं फार अवघड जातं.

मोठ्याची कटकट वेगळी. पहिले काही दिवस तो बुजलेला, शहाण्यासारखा वागतो आणि रुळल्यावर खरे रंग दिसतात. ताटलीवर, खाटेखालच्या जागेवर, कधी माणसावरही हक्क सांगतो. रस्त्यावर वाढलेला असेल तर घरात शी-शू न करणं त्यालाही शिकवावंच लागतं, फक्त तो जास्त वेळ धरू शकतो. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात हे जमत नाही, कितीही इच्छा असली तरी.

ओळख करून देण्यातही मोठा फरक आहे. मोठ्या कुत्र्याची भेट बाहेर घडवता येते. दोन माणसं, दोन सैल पट्टे, मध्ये दहा-पंधरा पावलांचं अंतर, आणि दोघांना एकाच दिशेने चालवायचं. समोरासमोर उभं करायचं नाही. म्हातारा ज्या गल्लीला आपली समजतो तिथेही नाही. मे महिन्यात हे सकाळी लवकर उरका, ऊन चढलं की डांबर पंजे भाजतं. अशा चार-पाच भेटी झाल्या की मग दोघांना एकत्र घरात आणा. पिल्लाबाबत हे करता येत नाही, कारण लस पुरी झालेली नसते. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर रस्त्यावर पार्व्होची, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब करून जीव घेणाऱ्या विषाणूची भीती. म्हणून पहिली भेट गच्चीवर किंवा मागच्या अंगणात, पुढे घरात जाळीचं फाटक लावून. पिल्लू दमलेलं असताना पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. रस्त्यावरून उचललेलं असेल तर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीतच ठेवा. जंत, खरूज, गोचिड्या म्हाताऱ्यालाही लागतात. मोठा कुत्रा आणताना गोचिडतापासाठी त्याचं रक्त आधी तपासून घ्या.

जेवण दोघांचं वेगळ्या खोलीत, दोन्ही बाबतींत. आणि म्हाताऱ्याचं एकट्याचं फिरणं बंद करू नका. नवा आला की घरं सगळ्यात आधी तेच सोडतात, आणि त्याला खुपतं तेही तेच.

निर्णयाआधी म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्या. इंदुरात दवाखाने आहेत, वीस-पंचवीस किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. नुसतं ‘तब्येत ठीक’ ऐकून परतू नका. सांधे, दात, डोळे, कान तपासायला सांगा. न दिसणारा किंवा कमी ऐकणारा कुत्रा मागून आलेल्या पिल्लाने दचकतो आणि दचकून चावतो.

मोठा कुत्रा दत्तक देणाऱ्यांना एक गोष्ट विचारा: दोन-तीन आठवडे आमच्याकडे राहू द्याल का, जमलं तर कायमचा? पुष्कळ जण हो म्हणतात. पिल्लाच्या बाबतीत असं ठेवून बघणं त्याच्यासाठीच वाईट. तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचा काळ त्याच्या माणसं आणि जग ओळखण्याचा असतो, आणि तो दोन-तीन घरांत फिरण्यात जाऊ नये. त्यामुळे पिल्लू आणणार असाल तर म्हाताऱ्याने खाणं सोडलं, कोपरा धरला, तर पिल्लू कुठे जाईल ते ठरवा, आणि त्या घरातल्या माणसाचा होकार पिल्लू आणण्याआधीच घेऊन ठेवा.